उपस्थित मेंढरांचं स्वागत

थोरल्या मुलीच्या साखरपुड्यात मी स्वतःच माइक धरला. म्हटलं, घरचं कार्य आहे, निवेदक कशाला? आपल्याला काय तोंड नाही? आणि पाहुण्यांचं स्वागत करताना व्याह्यांच्या धाकट्या भावाचं नाव आधी घेतलं, थोरल्याचं नंतर. झालं. थोरले श्रीफळ घ्यायला उठले नाहीत. चहा पुढं आला तर कपावर हात ठेवून मांडवाच्या कापडाकडं बघत बसले. खुटबावचे पाहुणे रागावले की भांडत नाहीत, चहा सोडतात, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं. पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "लग्नात तुम्ही नुसत्या अक्षता टाका. माइक म्हाळूभावजींकडं द्या."

म्हाळू आमचा शेजारी. कवठे येमाईत त्याच्या घराची न् आमच्या घराची भिंत एक. शिरूर-दौंडकडं लग्न असो, बैलगाडा शर्यतीचा घाट असो नाहीतर क्रिकेटची टुर्नामेंट, माइकवर म्हाळू असतो. पत्रिकेवर त्याचं नाव 'निवेदक : म्हाळसाकांत' असं छापतात, एकदा एका गावात ते वराच्या नावापेक्षा मोठं छापलं गेलं आणि वराच्या चुलत्यानं पत्रिका वाटायचं नाकारलं.

म्हाळूचा सिद्धांत एकच. "माणूस जेवणासाठी येत न्हाई, नावासाठी येतो. नाव घेतलं, म्हंजी माणूस आला. न्हाई घेतलं, तर समोर बसून जेवला तरी आला न्हाई."

त्यामुळं मांडवात शिरणारा एकही माणूस त्याच्या तोंडून सुटत नाही. दूरवर गाडीचं दार उघडलं की त्याला नुसत्या चालीवरून कळतं, हे कोण, कुठल्या गावचे, कुणाच्या आधी नि कुणाच्या नंतर. आजी सरपंच, माजी सरपंच, आणि ज्याला आजही पद नाही आणि कधी नव्हतं, तो भावी. मी दूध सोसायटीचा साधा सभासद. केंदूरच्या एका लग्नात म्हाळूनं मला 'भावी चेअरमन' म्हणून पुढं बोलावलं. मीही जाऊन नारळ घेतला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण सध्याचे चेअरमन दोन खुर्च्या सोडून बसले होते. तेव्हापासून आमच्या दुधाचं फॅट जरा कमीच लागतं, असं बायकोचं म्हणणं आहे.

हा नाद त्याला लहानपणापासूनचा. त्याचे वडील, आबा, मेंढरं राखायचे आणि शाळा सुटली की म्हाळू त्यांच्या मागं रानात. मीही जायचो, माझ्या घरी अभ्यास करायला सांगायचे म्हणून. म्हाळू दाणे काढलेलं मक्याचं कणीस तोंडासमोर धरायचा आणि दगडावर उभा राहायचा. "उपस्थित मेंढरांचं हार्दिक स्वागत." मग सगळ्यात दांडगा एडका अध्यक्ष व्हायचा. म्हाताऱ्या मेंढ्या प्रमुख पाहुण्या. टाळ्या वाजवायला मी. एकदा अध्यक्षांचा परिचय फार लांबला. तेवढ्यात अध्यक्ष आणि सगळी सभा आमच्या मेथीत शिरली. माझ्या वडलांनी आबांना ऐकवलं आणि आबांनी म्हाळूला काठीनं धुतला. तो मार खाताना म्हाळूनं कणीस सोडलं नव्हतं.

पुढं एका जत्रेला घाटात बोलायला येणारा माणूस आलाच नाही. बैल जुंपलेले, लोक खोळंबलेले. म्हाळूनं माइक घेतला आणि संध्याकाळपर्यंत दिला नाही. तिथून जे सुरू झालं ते आजवर थांबलेलं नाही. घरातसुद्धा. बायकोनं चहा आणला की हा म्हणणार, "चहाचं आगमन होत आहे." तिनं एकदा कप परत नेला. "आता प्रस्थान झालं म्हणा," म्हणाली.

फक्त घरच्या माणसाचं नाव तो माइकवर कधीच घेत नाही. सख्खा मेव्हणा या कारणावरून त्याच्याशी बोलत नाही. म्हाळूचं एकच : "माइक लोकांचा हाय. आपल्या माणसांना ववाळून घ्यायला न्हाई."

एकदा आम्ही दौंड स्टेशनवर बसलो होतो. गाडी उशिरा येणार होती आणि तसं वरचेवर सांगितलं जात होतं. म्हाळू मान हलवत ऐकत होता. "खेद हाय म्हणती," तो म्हणाला, "पण बाईला खेद झाल्यागत वाटतंय का तुला?" मग स्वतःच एकदा नीट खेद व्यक्त करून दाखवला. शेजारची पोत्यावर बसलेली आजी म्हणाली, "असू दे बाबा, येईल गाडी."

मी हसलो. म्हाळूही हसला आणि मग रुळांकडं बघत म्हणाला, "दोन तालुकं ऐकत्यात रं मला. आबांनी एकदा बी न्हाई ऐकलं."

ते खरं होतं. आबांना हा धंदाच पटला नव्हता. गड्यानं मेंढरं राखावी नाहीतर कांदे लावावेत. दुसऱ्याच्या मांडवात ओरडून कुणाचा संसार झालाय, असं ते म्हणत. लग्नाचं बोलावणं आलं की मेंढरं कुणावर सोडू, हे उत्तर ठरलेलं. म्हाळूनं आग्रह करून बघितला आणि सोडून दिला. पण मांडवात उभा राहिला की त्याची नजर दर थोड्या वेळानं फाटकाकडं जायची. मला वाटायचं, पुढाऱ्यांची वाट बघतोय.

आमच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला बायको स्वतः आबांच्या वाड्यावर गेली, म्हणजे मेंढरांच्या वाड्यावर. अक्षता त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाली की पोरीला तुम्ही खांद्यावर घेऊन हिंडवलंय, तुम्ही आलात तर या, नाही आलात तर तसं तिला तुम्हीच सांगा. आबांनी अक्षता मुंडाशाच्या टोकाला बांधल्या. येतो म्हणाले नाहीत.

लग्नाच्या दिवशी म्हाळू रंगात होता. व्याह्यांच्या थोरल्या भावाला त्यानं असं काही पुढं घेतलं की त्यांनी चहा दोनदा घेतला. मुहूर्त जवळ आला होता, भटजी घड्याळ दाखवत होते आणि म्हाळू एका माजी सभापतींच्या कार्याचा आढावा घेत होता. आणि वाक्याच्या मधेच थांबला.

म्हाळू गप्प, ही गोष्ट कुणी कधी ऐकलीच नव्हती. "लाइट गेली वाटतं," कुणीतरी म्हणालं, आणि जनरेटरवाला उठून पळाला. पण पंखे फिरत होते. मी वळून बघितलं. फाटकाशी, उभ्या केलेल्या गाड्यांच्या मधे, खांद्यावर घोंगडं टाकून आबा उभे होते.

म्हाळूनं माइक दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, आता 'आदरणीय' येणार, 'श्रद्धास्थान' येणार.

"आमचं आबा आल्यात," तो म्हणाला.

एवढंच. तेही दारात उभं राहून घरात सांगावं तसं. मग थोडं थांबून, "फुडं या, आबा. ऊन लागंल."

आबांनी हात हलवला. तुझं चालू दे, असा. आणि शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर टेकले. म्हाळू पुन्हा सुरू झाला, पण सभापतींचं कार्य त्याला काही सापडलं नाही. भटजींनी संधी साधून मंगलाष्टकं म्हणायला घेतली.

पंगती उठल्यावर बापलेक एकाच टेबलाशी जेवायला बसले. मी जिलेबीचं ताट घेऊन मुद्दाम तिथंच घोटाळत राहिलो. म्हटलं, आता म्हातारा काय बोलतो ते ऐकू. आबा खाली बघून जेवत होते. म्हाळूनं मठ्ठ्याचा ग्लास उचलला तेव्हा त्यांनी तो त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवला.

"गार नगं पिऊ," ते म्हणाले. "घशाला काय घेतोस का न्हाई?"

"घेतो," म्हाळू म्हणाला. मग दोघं जेवले आणि आबा मेंढरांकडं निघून गेले.

संध्याकाळी पोरीला सासरी वाटेला लावून आम्ही घरी आलो. घर मोकळं मोकळं वाटत होतं, काहीतरी बोलायचं म्हणून मी बायकोला हे सगळं सांगितलं. म्हटलं, "इतक्या वर्षांनी म्हातारा आला, पण कौतुकाचा एक शब्द न्हाई बोलला. विचारलं काय, तर घसा."

ती अक्षतांचं रिकामं ताट पुसत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आन् ते काय व्हतं मग?"