मुळेसाहेबांची चौथी श्रेणी

आमच्या घरचा चहा लागोपाठ दोन वर्षं पहिल्या श्रेणीत होता. तिसऱ्या वर्षी मार्चअखेर समोरच्या मुळेसाहेबांनी कप खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि गंभीरपणे सांगितलं, "वहिनी, यंदा तुम्ही दुसऱ्या श्रेणीत उतरलात. डिसेंबरात तीन वेळा पाणचट झाला होता. माझ्याकडे नोंद आहे."

बायकोला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे आता कायमचंच का?"

"छे, छे. पुढच्या मार्चला परत चढता येतं. पद्धतच तशी आहे."

यात थट्टा नव्हती. मुळेसाहेबांना थट्टा करताना मी कधीच पाहिलं नाही. सावेडीत तेव्हा मोजकीच घरं होती, मधे मोकळी रानं होती, आणि आम्हा दोघांची दारं समोरासमोर होती. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. ते नगरच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी किती वाजता सोडायची, उशीर का झाला, हे बघणारा माणूस. वय पन्नाशीच्या पुढं. घरात ते आणि त्यांचं घड्याळ, एवढीच वस्ती.

जगातल्या सगळ्या गोष्टी ते श्रेणीत बसवायचे. स्टँडवरची हॉटेलं, लग्नातल्या पंगती, डॉक्टर, कीर्तनकार. दर मार्चअखेर कोणी चढायचं, कोणी उतरायचं. याचं मूळ होतं फुटबॉलात. तरुणपणी ते कॅम्पात गोऱ्या सोल्जरांच्या कँटीनमध्ये कारकून होते. तिथल्या एकानं त्यांना इंग्लंडातली लीग समजावून सांगितली, आणि दुसऱ्या एखाद्याला गुरुमंत्र मिळावा तशी ती त्यांना मिळाली. सोल्जर गेले, स्वातंत्र्य आलं, मुळेसाहेब एस.टी.त लागले, पण कॅम्पातल्या स्टोअरकीपरकडून महिना-महिना शिळी इंग्रजी वर्तमानपत्रं आणून तिकडचे तक्ते वाचायचं काही सुटलं नाही.

"मास्तर, नीट ऐका," ते मला सांगायचे. "तिकडं चार श्रेणी आहेत. श्रेणीतला प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो. एकदा आपल्या गावात, एकदा त्याच्या गावात. जिंकलं की दोन गुण, बरोबरी झाली की एक. गुण सारखे झाले तर केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. वर्षाच्या शेवटी वरच्या श्रेणीतले तळाचे खाली येतात आणि खालच्या श्रेणीतले पहिले वर जातात. राजाच्या गावचा संघ असला तरी तळाला गेला की उतरला. तक्त्याला नातेवाईक नसतात."

हे शेवटचं त्यांचं ठेवणीतलं वाक्य. गाडी चुकलेल्या आमदाराच्या मेहुण्यालाही त्यांनी ते ऐकवलं होतं.

"आणि चौथ्या श्रेणीत तळाला जो जातो त्याचं काय?" मी एकदा विचारलं.

"त्याला खाली जायला जागाच नसते. मग त्यानं अर्ज करायचा, मला ठेवून घ्या म्हणून. बाकीचे मतं देतात. ठेवलं तर ठेवलं."

अशीच लीग त्यांनी नगर जिल्ह्यात उभी केली होती. बारा संघ, तीन श्रेणी, एकेकीत चार. दर वर्षी एकानं चढायचं, एकानं उतरायचं. संघ शाळांचे, कारखान्यांचे, तालुक्यांचे, काही नुसत्याच उत्साही गावांचे. मोसम दिवाळी ते मार्च. सामन्यांच्या तारखा साहेब एस.टी.चं वेळापत्रक पुढ्यात घेऊन लावायचे, कारण सगळे संघ लाल गाडीनंच जायचे. शेवटची गाडी पावणेसहाची असेल तर सामना साडेतीनला सुरू झालाच पाहिजे. रेफरी शिट्टी विसरला तर चालत असे, घड्याळ विसरला तर त्याची धडगत नसायची.

अक्षर बरं म्हणून तक्ता रंगवायचं काम माझ्याकडे आलं. दर सोमवारी तो स्टँडवर लागायचा. पहिल्या वर्षी मोठाच घोळ झाला. दुसऱ्या श्रेणीत पहिला आलेल्या एका गावचे कॅप्टन तावातावानं साहेबांच्या घरी आले. "सायेब, आमी दुसरीत पयला नंबर काढला, अन् तुमी आमाला परत पयलीत बसवता? आमाला तिसरीत घाला." साहेबांनी त्यांना पाऊण तास समजावलं. कॅप्टन गेले, पण गावात जाऊन काय सांगायचं याची चिंता त्यांच्या तोंडावर तशीच होती.

तिसऱ्या श्रेणीत तळाला कायम एकच संघ असायचा. बोरमाळ. पाथर्डीच्याही पुढं, गाडी बदलून जायचं गाव. पोरं चपळ होती, अनवाणी खेळायची. पण दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव बैलगाड्यांवर संसार टाकून ऊसतोडीला निघून जायचं, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचं. आमचा मोसम नेमका त्याच महिन्यांत. बोरमाळचा संघ सात जणांनी उतरायचा, कधी सहा. त्यांतला एक म्हातारा होता. समोरच्यांनी आठ-नऊ गोल करायचे आणि गाडी गाठायची. तरी बोरमाळनं एकही सामना बुडवला नाही, हे मी तक्ता रंगवताना पाहत होतो.

ही गोष्ट बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या वर्षाची. मार्चमध्ये माझ्याच चित्रकलेच्या वर्गात कॅप्टनांची सभा भरली. बोरमाळ पुन्हा तळाला, तेव्हा त्यांनी अर्ज करायचा आणि बाकीच्या अकरा जणांनी हात वर करायचे. बोरमाळचा कॅप्टन निवृत्ती प्रवरेकडच्या एका साखर कारखान्याच्या हद्दीत ऊस तोडत होता. त्याचा अर्ज एका कंडक्टरच्या हाती आला होता. मी तो वाचून दाखवला. "आमी खेळतो. मानसं उसाला गेली की कमी पडत्यात. पाडव्याला समदी येत्यात, पर तवा कुनीबी खेळायला बोलवत न्हाई. आमाला ठिवा. लीगमदी नाव हाय म्हनून हितं फडाजवळ पाचटाच्या कोपीवरबी पोरं रोज सांजच्याला बॉल खेळत्यात. नाव गेलं तर खेळ बी जाईल."

एक कॅप्टन म्हणाले, "खरं आहे हो, पण दोन गाड्या बदलून जायचं आणि समोर सहा माणसं. त्याला सामना म्हणायचं का?" हे खोटं नव्हतं. ठेवा म्हणून तीन हात वर आले, काढा म्हणून आठ. मुळेसाहेब चिटणीस, त्यांना मत नव्हतं. त्यांनी निकाल लिहिला, टोपण लावलं आणि सभा वेळेवर संपवली.

घरी येताना मी चिडलो. "एक शब्द बोलला असतात तर त्यांनी ऐकलं असतं. आणि मोसम मार्चलाच का संपवायचा?"

"मार्चनंतर शाळांच्या परीक्षा."

"सगळे संघ काय शाळांचे आहेत?"

"तक्त्याला नातेवाईक नसतात, मास्तर," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या खिडकीतून मात्र रोज संध्याकाळी कागदांची सळसळ ऐकू यायची.

नवव्या दिवशी ते कार्डशीटची गुंडाळी घेऊन आले. "नवा तक्ता रंगवायचाय. चौथी श्रेणी."

"चौथी? संघ कुठले?"

"बोरमाळ."

"आणि?"

"बसस्थानक." त्यांनी घसा खाकरला. "तिकडं चार आहेत, आपल्याकडं तीनच, ही मुळात माझीच चूक. नवी श्रेणी काढायचा अधिकार चिटणिसाला आहे. कलम मीच लिहिलंय. सामना पाडव्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, बोरमाळला. तुम्ही गोलकीपर."

मी आयुष्यात कधी चेंडू अडवला नव्हता. पण मी नाही म्हणालो नाही.

त्या रविवारी चार ड्रायव्हर, तीन कंडक्टर, कँटीनचा आचारी, एक मेकॅनिक, मी आणि स्वतः मुळेसाहेब, असा बसस्थानक संघ बोरमाळला उतरला. साहेबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला होता. इतकी वर्षं लीग चालवून त्यांनी चेंडूला पाय कधीच लावला नव्हता, हे मला तिथं कळलं. समोर निवृत्ती धरून पुरी अकरा पोरं उभी होती, पाच महिने ऊस तोडून काळवंडलेली. मैदानाभोवती अख्खं गाव बसलं होतं.

पहिला गोल मला दिसलाच नाही. पुढचे दिसले, पण उपयोग झाला नाही. साहेब दोनदा पडले. एकदा चेंडू त्यांच्या हाताला लागला. रेफरी असलेल्या गावच्या गुरुजींनी संकोचानं दुसरीकडं पाहिलं, तेव्हा साहेबांनीच खेळ थांबवला. "गुरुजी, हात लागलाय. शिट्टी द्या." नऊ-शून्य झालं.

सामना संपल्यावर ते धापा टाकत जमिनीवर बसले आणि मांडीवर कागद ठेवून पेन्सिलीनं तक्ता मांडला. बोरमाळ, खेळले एक, जिंकले एक, गुण दोन. बसस्थानक, खेळले एक, हरले एक, गुण शून्य. मग निवृत्तीला जवळ बोलावलं.

"चौथ्या श्रेणीत तुम्ही पहिले. पहिला चढतो. तिसरीत एक जागा रिकामी आहे."

निवृत्ती कागदाकडं बघत राहिला. "म्हंजी आमी परत लीगमदी?"

"नियमानं. आणि पुढच्या वर्षीपासून बोरमाळचे सगळे सामने पाडव्यानंतर. इंग्लंडात मे महिन्यापर्यंत खेळतात. मीच मार्चला थांबवत होतो."

निवृत्तीनं तो कागद घडी न घालता दोन्ही हातांनी धरला आणि पोरांकडं गेला. मग तिकडून जो आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो.

त्याच्या आईनं आम्हा सगळ्यांना बाजरीची भाकरी आणि पिठलं वाढलं. साहेबांना वाढताना तिनं विचारलं, "घरी कोन कोन हाय वं तुमच्या?"

"कोणी नाही," साहेब म्हणाले. सकाळी प्रवाशाला गाडीची वेळ सांगावी तसं.

"मंग पळायची घाई कशाला? ऱ्हावा की आजच्या दिस. सकाळच्यानं जावा."

साहेबांचा घास हातातच राहिला. ते खाली बघून म्हणाले, "वीस वर्षं या बाजूला गाड्या सोडतोय, आई. उतर म्हणून कोणी म्हणालं नव्हतं."

पावणेसहाला शेवटची गाडी आली. आम्ही दहा जण चढलो. साहेब खालीच उभे राहिले. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, चला."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि हात वर केला. "वेळ झाली. सोडा."

गाडी हलली. मागच्या काचेतून मी बघत होतो. ते निवृत्तीच्या आईच्या मागून घराकडं चालले होते, लंगडत, पायजमा अजून गुडघ्यापर्यंत दुमडलेला. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. त्यांच्यासमोर राहून मला सहा वर्षं झाली होती, आणि जेवायला थांबा, असं मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं.