आपले क्वेसी गेले

रविवारी सकाळी सव्वानऊला गुरुरावांनी मैसूरच्या मराठी समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर चार शब्द टाकले. "आपले क्वेसी गेले. वाईट."

क्वेसी बोआडू हा घानाचा फुटबॉलपटू. त्याच सकाळी त्याने निवृत्ती जाहीर केली होती. त्याचे वडील कापडावर ठसे उमटवत, हे एका मुलाखतीत कळल्यापासून गुरुराव त्याला रंगाऱ्याचाच मुलगा मानत. त्यांच्या घरीही तीन पिढ्या ठशांवर जगल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले, मग पत्नी गेली, आणि दहावं झाल्यावर येणारी माणसंही गेली. उरला टीव्ही, आणि टीव्हीत क्वेसी.

गटावर मात्र लग्न आणि मृत्यू याखेरीज काही येत नसे. गुरुरावांच्या टायपिंगच्या चुका सर्वांना पाठ होत्या. तेव्हा क्वेसी म्हणजे काशी, म्हणजे काशीराव, असं प्रत्येकाने मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं. गुरुरावांचे हे काशीराव कोण, ते कुणालाच आठवेना. पण आठवत नाही असं मयताच्या बाबतीत कोण कबूल करणार?

साडेदहापर्यंत गुरुरावांच्या जयलक्ष्मीपुरमच्या घरात नऊ माणसं जमली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तीन डबे चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, आलं. नेमकी तेव्हाच आत मटणाच्या कुकरने शिट्टी दिली.

"पाप, पाप," शेजारच्या पुष्पावती म्हणाल्या. मैसूरच्या मराठीत हा शब्द कानडीतून येतो आणि त्याचा अर्थ 'बिचारा' एवढाच. पण गुरुरावांची सून सिंधू नाशिकची. दहा वर्षांनंतरही तिला तो मटणाबद्दलच वाटला. तिने जाऊन गॅस बंद केला.

क्वेसीसाठी इतकी माणसं येतील असं गुरुरावांना वाटलं नव्हतं. समाजाचे चिटणीस अंबाजीराव जवळ सरकले.

"वय किती हो?"

"अडतीस."

"अय्यो. काय झालतं?"

"गुडघा."

"गुडघ्यानं माणूस जातंय?"

"गुडघ्यानंच जातंय," गुरुराव म्हणाले.

अंबाजीरावांनी गाव विचारलं, जवळच्या पिरियापट्टणाकडचं का म्हणून. त्याच्याही पुढं, असं उत्तर मिळालं. मग गुरुराव बोलतच राहिले. चिंध्यांचा चेंडू, सोळाव्या वर्षी सोडलेला देश, बर्फात एकट्याने काढलेला पहिला हिवाळा, मोडलेला पाय, आणि सगळा देश बघत असताना हुकलेली ती पेनल्टी. पेनल्टीवरून अंबाजीरावांनी ताडलं की काशीराव इन्कम टॅक्समध्ये असावेत. दोघीतिघींनी डोळे पुसले.

पुष्पावतींनी मोगऱ्याचा हार आणला होता. फोटो कुठे आहे, त्यांनी विचारलं. गुरुरावांनी मोबाइल पुढे केला. हातात पुष्पगुच्छ घेतलेला क्वेसी प्रेक्षकांकडे बघून हसत होता.

"हे काशीराव?"

"क्वेसी. आज खेळ सोडला त्यानं."

मग पुष्पावतींनी हळूच विचारलं, आता घरी जाऊन आंघोळ करायची की नाही? एकेक जण उठू लागला. माणसं कशासाठी आली होती हे आता गुरुरावांच्याही लक्षात आलं. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. तो बंद होता.

"सिंधू, त्यांचे डबे दे बाई त्यांना," ते म्हणाले.

सगळ्यांत शेवटी अंबाजीराव निघाले. एक चप्पल पायात घालून ते तसेच उभे राहिले. गेल्या दिवाळीत त्यांनी एकेचाळीस वर्षांचं शिवणकामाचं दुकान बंद केलं होतं.

"मी दुकान बंद केलो," दाराकडे बघतच ते म्हणाले, "तवा कोण आलं नाही."

त्यांनी चप्पल काढली आणि परत येऊन गुरुरावांच्या शेजारी बसले. आत गॅस पेटल्याचा आवाज झाला.

"ती पेनल्टी," ते म्हणाले, "कशी हुकली म्हणालात?"