सुभानराव महाराजांच्या मुखाची बखर

जो मातेच्या अंगच्या मळापासून घडला, आणि मस्तक पालटलें तरी मातेनें ज्यास आपला म्हणून ओळखिलें, त्या गजाननास आधीं नमन. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, निज श्रावण शुद्ध पंचमीपासून विजयादशमीपर्यंत राज्यांत जें वर्तमान जाहलें तें येथें लिहितों. राज्य कोणतें हें पुसूं नये. नांव सांगावें तर चार सरदार रुसतील आणि पांचवा दावा लावील. लिहिणाराचेंही नांव पुसूं नये. तो दरबारचें मीठ खातो आणि त्यास आणखी कांहीं वर्षें खावयाचें आहे.

तर श्रीमंत सुभानराव महाराज कैलासवासी होऊन वर्ष सरलें होतें, आणि त्या राज्याचा कुळाचार ऐसा कीं, वर्षश्राद्धानंतरच्या दसऱ्यास गतधन्याचें मुख सदरेवर बसवावें, आणि त्याआधीं पट्टराणीनें त्यासमोर उभें राहून "हेच ते" ऐसें बोलून ओळख द्यावी. ओळख दिली तर मुजरे व्हावे, न दिली तर मूर्त परत. पूर्वीं हें काम चिताऱ्याकडे किंवा पाथरवटाकडे असे. परंतु चिरंजीव हिंदुराव महाराज नव्या तऱ्हेचे धनी, त्यांस सर्व कांहीं लौकर हवें. फेटासुद्धां बाजारांतून बांधलेलाच आणवीत आणि टोपीसारखा डोक्यावर ठेवीत. त्यांनीं आज्ञा केली कीं, या खेपेस मुख संगणकांत घडवावें आणि सदरेवर माणसाएवढ्या पडद्यावर उभें करावें. कारभारी त्रिंबकपंत "उत्तम" म्हणाले. पंतांस जी गोष्ट समजत नसे ती नेहमींच उत्तम असे.

मग शोध करून नागेश पांचाळ नामें मूर्तिकार आणविला. याचा बाप शाडूचे गणपती घडवीत असे, आणि यानें माती सोडून यंत्र धरिलें. याची माती ऐसी कीं नखांत शिरत नाहीं, वाळून तडकत नाहीं. हातीं लेखणी घेऊन कांचेवर ओढावी, तों पडद्यावरला गोळा फुगे, दबे आणि वळवावा तिकडे वळे. बाप म्हणे, "हाताला काही लागत नाही, ती कसली रे मूर्त?" आणि हा म्हणे, "बाबा, डोळ्याला लागते ना!" ऐसा बापलेकांचा जुना तंटा. मग नागेशानें अर्ज केला कीं, महाराजांच्या तसबिरी सर्व अंगांनीं द्याव्या, समोरून, बाजूनें, हंसतां, बोलतां. दरबारानें तसबिरींचा ढीग पाठविला, आणि पाहतो तों सगळ्यांत महाराज समोर पाहात ताठ उभे आहेत, छाती पुढें, ओंठ मिटलेले, जणूं कोणी "हलूं नका" म्हणून दटावलें आहे. पंतांनीं आपल्या मोबाइलांतल्या म्हणून ज्या दिल्या त्यांवर तर कोणीं गुलाबाचीं फुलें आणि "शुभ सकाळ" चिकटविलें होतें, त्यांत महाराजांचा अर्धा गाल गुलाबाखालीं गेला. एक लग्नाच्या पंगतींतली होती, तींत वाढप्याची पळी नाकाआड आली. तरी नागेशानें कुरकुर केली नाहीं. त्यानें पळीमागचें नाक दुसरीकडून आणिलें, गुलाबाखालचा गाल तिसरीकडून आणिला, आणि भाद्रपदभर खपून मुख उभें केलें.

आणि तें मुख ऐसें उतरलें कीं पाहणारा दचके. उजव्या भुवईंत घोड्यावरून पडल्याची खोक होती, तेथें केंस उगवत नसत, ती खोक तशीच. डाव्या कानापाशीं मस, तोही तसाच. कातडीवरचीं रंध्रें, डोळ्यांखालच्या पिशव्या, हनुवटीवर वस्तऱ्यानें चुकविलेला एक पांढरा केंस, सर्व आपल्या जागीं. जुना हुजऱ्या पाहावयास आला तो मुजरा करून मागें सरला आणि रडूं लागला. पंत म्हणाले, "उत्तम," आणि या वेळीं त्यांस समजलेंही होतें. मग पितृपक्ष सरल्यावर, घटस्थापनेस, मातोश्री द्वारकाबाईसाहेब यांची स्वारी ओळख देण्यास सदरेवर आली. सर्व मंडळी उभी राहिली. बाईसाहेबांनीं बराच वेळ पाहिलें, पदर सांवरला, आणि हळूच म्हणाल्या, "नाही. हे ते नव्हेत."

नागेश हात जोडून म्हणाला, "बाईसाहेब, काय चुकलं ते सांगा. नाक? डोळे? आत्ता बदलतो." बाईसाहेब म्हणाल्या, "नाक त्यांचंच रे बाबा, डोळेही त्यांचेच. पण सगळं मिळून ते होत नाहीत. मला सांगता येत नाही. तसबिरींतही ते मला असे परकेच वाटायचे. मी म्हणायची, हे दरबाराचं तोंड असेल." मग नागेशानें सप्तमीपर्यंत अन्नपाण्याची शुद्ध न ठेवतां गाल उतरविले, ओंठ सैल केले, दृष्टि मऊ केली, आणि जितकें अधिक करी तितकें बिघडे, आणि मग पुन्हां पूर्वीसारखें करी. इकडे दरबारांत कुजबुज सुरू जाहली. कुजबुजीस त्या राज्यांत कधीं दुष्काळ नव्हता. एक म्हणे, बाईसाहेबांस वय जाहलें. दुसरा म्हणे, परवां चहांत साखर दोनदां घातली. मग पंत हिंदुराव महाराजांकडे गेले आणि खालच्या आवाजांत बोलिले, "सरकार, सारं राज्य ओळखतं आणि मातोश्री ओळखत नाहीत, याचा अर्थ उघड आहे. दसरा तोंडावर आला. ओळख आपल्या काकीसाहेबांकडून घ्यावी, त्याही याच घरच्या, आणि मातोश्रींना विश्रांतीला बागेतल्या बंगल्यात ठेवावं. बरोबर एक नर्सबाई द्यावी."

हिंदुराव महाराज वाईट नव्हते, घाईचे होते. ते मातोश्रींकडे गेले आणि म्हणाले, "आईसाहेब, उद्या एकदा पाहा. वाटलं तर बरं, नाही वाटलं तर नुसतं हो म्हणून टाका. लोक काय काय बोलताहेत!" बाईसाहेब म्हणाल्या, "खोटी ओळख देऊ? त्यांची?" मग बाईसाहेब आपणच म्हणाल्या, "हिंदू, लोक बोलतात त्याचं मला काही नाही. पण मलाच भीती वाटायला लागली आहे. डोळे मिटले की अजून दिसतात मला ते. पण तुम्ही सगळे म्हणता ते तसे नव्हते, असे होते. मग मला दिसतात ते कोण? मी त्यांचं तोंड विसरले असेन, तर एवढी वर्षं संसार केला तो कुणाशी?" आणि बाईसाहेबांच्या डोळ्यांस पाणी आलें. ज्या बाईनें पति गेला त्या दिवशीं सगळ्या राज्यासमोर डोळा ओला होऊं दिला नाहीं, ती आज रडली. हिंदुराव महाराजांस मनांतून फार लागलें, परंतु काय करावें हें न सुचून ते जोडे घालून बाहेर आले.

दुसरे दिवशीं अष्टमी. बाईसाहेब पुन्हां सदरेवर आल्या. पंतांनीं काकीसाहेबांसही शेजारीं आणून बसविलें होतें, न जाणो. बाईसाहेबांनीं पाहिलें, फार पाहिलें, आणि मान हलवून म्हणाल्या, "नाही होत रे मला. तू कष्ट घेतलेस, तुझा दोष नाही. माझंच काहीतरी गेलं." आणि वळून चालूं लागल्या. पंतांनीं काकीसाहेबांस डोळ्यानें खूण केली. तेव्हां नागेशास दुसरें कांहीं सुचेना. त्याच्या बापाची एक शिकवण होती, कीं घडवून घडवून डोळा खोटें बोलूं लागला, तर मूर्तीकडे पाठ करावी, आरसा धरावा आणि खांद्यावरून आरशांत मूर्त पाहावी; उलटी दिसली कीं चूक आपण होऊन पुढें येते. संगणकांत त्यास आरसा लागत नाहीं, एक कळ दाबली कीं चित्र डावें-उजवें पालटतें. नागेशानें कोणाकरितां नव्हे, आपली चूक आपणास सांपडावी म्हणून कळ दाबली. मुख पालटलें. खोक डावीकडे गेली, मस उजवीकडे आला. आणि दाराशीं पोंचलेल्या बाईसाहेबांनीं, जातां जातां एकदां मागें पाहावें तसें, मागें पाहिलें.

आणि तेथेंच थांबल्या. मग डोईवरला पदर पुढें ओढून, घरांत पति आला असतां बायको जशी सांवरून उभी राहते तशा उभ्या राहिल्या. त्यांचा हात आपण होऊन वर आला, मूठ मिटली, जणूं कांहीं धरलें आहे, आणि सदर, कारभारी, काकीसाहेब, सर्व विसरून त्या म्हणाल्या, "अहो, मागून सैल पडलाय. थांबा, ओढते." मग बाईसाहेब हंसल्या आणि म्हणाल्या, "हेच ते."

पंत पुढें होऊन म्हणाले, "मातोश्री, क्षमा असावी, पण हे उलटं आहे. खोक उजव्या भुवईला होती. हे खोटं झालं!" बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, तुम्ही त्यांना कुठून पाहिलंत?" पंत म्हणाले, "समोरून. सगळे समोरूनच पाहतात." बाईसाहेब म्हणाल्या, "मी नाही पाहिलं. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याच्या तोंडाकडे मान वर करून पाहायची सोय नव्हती. सासूबाई दाराशीच जपमाळ घेऊन बसायच्या. जेवताना मी ताटाकडे पाहून वाढायची, दरबारात मी चिकाच्या पडद्यामागे. पण रोज सकाळी हे फेटा बांधायला आरशापुढे बसायचे, आणि मागे उभं राहून कापडाचं दुसरं टोक ताणून धरायचं काम माझं. आरशात कोण कोणाकडे पाहतं, ते दाराशी बसलेल्याला थोडंच कळतं? तेवढा वेळ आमचा. पुढे सासूबाई गेल्या, पण आमची सवय गेली नाही. मी त्यांना जन्मभर आरशात पाहिलं, पंत." आणि नागेशानें लेखणी उचलली, कारण एवढ्या तसबिरींत जी एक मिळाली नाहीं ती कोणापाशीं होती हें त्यास आतां उमगलें.

मग तो म्हणाला, "बाईसाहेब, हे अजून अर्धंच आहे. आरशात ते कसे दिसायचे, ते तुम्ही सांगा, मी घडवतो." बाईसाहेबांस खुर्ची दिली, त्या त्याच्या शेजारीं बसल्या, आणि त्या सांगत गेल्या आणि तो करीत गेला. म्हणाल्या, "फेट्याचं एक टोक ते दातांत धरायचे, म्हणजे बोलता यायचं नाही. मग भुवई वर करून विचारायचे, सरळ आहे का? ती खोकेची भुवई." त्यानें भुवई उचलली. "इतकी नाही, इतकी तर रागात. हां, आता थोडी खाली. पुरे." मग ओंठ, कापड धरल्यानें एकीकडे ओढलेले. मग डोळे, ज्यांत हंसूं आहे परंतु दांतांत कापड म्हणून बाहेर येतां येत नाहीं. हिंदुराव महाराज खांबाआड उभे राहून पाहात होते. आपले वडील ऐसे पाहात, हें त्यांस ठाऊक नव्हतें. चहा आला आणि निवला. ज्या पोरवयांत बाईसाहेब त्या घरीं आल्या होत्या, तें वय त्यांच्या आवाजांत परत आलें, हें लिहिणारानें आपल्या कानीं ऐकिलें, आणि त्याचेही डोळे भरले, त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं.

मग दोन मुखें जाहलीं. एक सुलटें, ताठ, ओंठ मिटलेलें, तें सदरेसाठीं, आणि त्यासही बाईसाहेबांनीं आपण होऊन ओळख दिली, म्हणाल्या, "लोकांना दिसायचे ते हेच." दुसरें उलटें, भुवई उचललेलें, तें बाईसाहेबांच्या महालीं जुन्या आरशाच्या जागीं लाविलें. काकीसाहेब रिकाम्या हातीं घरीं गेल्या, आणि बागेंतला बंगला पंतांनीं पाहुण्यांसाठीं ठेवावा ऐसें ठरलें.

मग विजयादशमी आली. पहांटे स्नान करून बाईसाहेब महालीं बसल्या आहेत, तों हिंदुराव महाराज आले. डोकें उघडें, हातांत बाजारचा फेटा नव्हे, वडिलांचें केशरी कापड, घडी न मोडलेलें. म्हणाले, "आईसाहेब, आरसा कुठे ठेवला? मला बांधता येत नाही. टोक धराल?" बाईसाहेबांनीं कोपऱ्यांतला आरसा काढविला, पुसला, आणि लेकाच्या मागें उभ्या राहिल्या. हिंदुरावांनीं एक टोक दांतांत धरलें, दुसरें मातोश्रींनीं ताणलें, आणि पीळ बसेना, सुटे, पुन्हां घालावा, तरी त्या दिवशीं महाराजांस घाई नव्हती. मग कसाबसा फेटा उभा राहिला. महाराजांस बोलतां येईना, म्हणून त्यांनीं आरशांतून मागें पाहिलें आणि, शिकविल्यावांचून, भुवई वर केली. आणि हिंदुराव महाराजांनीं, इतकी वर्षें ज्यांच्या पायां पडले त्या आईचें मुख, त्या दिवशीं प्रथम डोळे भरून पाहिलें. बाईसाहेब म्हणाल्या, "सरळ आहे."

फेटा वांकडा होता. तसाच तो सदरेवर गेला, आणि मुजरे जाहले, आणि कोणीं कांहीं म्हटलें नाहीं. एवंच, सदरेवरचें मुख राज्याचें, आरशांतलें मुख बाईसाहेबांचें, आणि धनी दोहींत एकच. पाहिलें तैसें लिहिलें. वाचतां कोठें डावें-उजवें चुकलें ऐसें वाटल्यास लिहिणारास बोल न लावतां आरसा धरून पाहावें. लेखनसीमा.