चहाचा थेंबही सांडणार नाही!

यॉट कशी असावी, हे मला कुणी शिकवायची गरज नाही! आजवर आमच्या हातून फक्त फेरीबोटी आणि मासेमारीच्या होड्याच झाल्या, ही गोष्ट वेगळी. म्हणूनच बिस्किटांचे एक कारखानदार खास यॉट बनवून घ्यायला आमच्याकडे आले, तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "साहेब, वाऱ्यासारखी पळेल! आणि आत बसलेल्या बाईंच्या कपातला चहाचा थेंबही सांडणार नाही!"

बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शांतपणे म्हणाल्या, "मला तळ्यातल्या होडीतही मळमळतं."

"आणि ही येणार नसेल, तर मला यॉट नको," साहेब म्हणाले. "जन्मभर कारखान्यात अडकलो. आता हिला घेऊन भटकायचंय."

थोडक्यात, आमची पहिलीवहिली यॉट बाईंच्या पोटावर अवलंबून होती!

आमचं कार्यालय म्हणजे मी, बायको आणि मेहुणा. इंजिन आणि वजन बायकोकडे. वजन वाढलं की वेग घटतो, म्हणून मी काढलेल्या निम्म्या वस्तूंवर ती काट मारते. संगमरवरी टेबल गेलं, पितळी झुंबर गेलं. खोल्यांची आखणी माझी, सुतारकाम मेहुण्याचं.

मी अफलातून बेत केला. वर्कशॉपमध्ये खऱ्या मापाची प्लायवूडची केबिन उभारायची, ती मधोमध एका आडव्या दांड्यावर तोलायची आणि मोटर लावून लाटांसारखी वर-खाली हलवायची. हेलकावा मध्यभागी सगळ्यात कमी, म्हणून साहेब आणि बाईंच्या खुर्च्या बरोब्बर तिथेच!

"मोटरच्या आवाजाने माझे कान जातात, दाजी. मी कानात बोळे घालणार," मेहुणा म्हणाला.

"घाल की! मी आतून केबिनच्या फळीवर ठोकलं की बाहेर मोटरपाशी तुला हादरा कळेल. एक ठोका, एक लाट वाढव."

"आणि थांबायची खूण?" बायकोने विचारलं.

"थांबायचं कशाला? माझ्या डिझाइनवर विश्वास नाही का तुझा?"

ती आपल्या टेबलाकडे निघून गेली.

पाहुणे आले. गालिचा मळू नये म्हणून मी दोघांचे बूट बाहेर काढायला लावले. मेहुण्याने ते अदबीने केबिनच्या खाली सरकवून ठेवले. मधल्या खुर्च्यांवर पाहुणे बसले, बाईंच्या हातात काठोकाठ भरलेला चहा. मी अर्थात पुढच्या टोकाला, पाहुण्यांसाठी जागा सोडून.

मी एक ठोका दिला. केबिन हळूच डुलली. बाईंनी डोळे घट्ट मिटले, मग एक उघडला. "अगं बाई! चहा जागेवरच आहे!"

"काय सांगत होतो!" मी म्हणालो. साहेबांनी आनंदाने टेबलावर थाप मारली.

लाट वाढली.

पुढचं टोक आता असं वर-खाली होऊ लागलं की माझी टाळू छताला लागायची आणि पोट जमिनीवरच राहायचं. "बास रे!" मी ओरडलो. बोळ्यांनी आपलं काम चोख बजावलं. घाबरून मी फळीवर धडाधड ठोकलं. मेहुण्याने इमानदारीत तेवढ्याच लाटा वाढवल्या!

"तुम्ही अगदी पांढरेफटक पडलात हो!" बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी पाय आपटले. आणखी लाटा!

"साहेब, कुणीही... काहीही... आपटू नका!" एवढंच बोललो आणि समोरच्या सुंदर बेसिनकडे धावलो. सकाळचा नाश्ता, कालचं जेवण, सगळं बेसिनला अर्पण! मग आठवलं, बेसिन फक्त दाखवण्यापुरतं होतं. त्याला पाइपच नव्हता, फळीत नुसतं भोक. खाली थेट साहेबांचे बूट!

तेवढ्यात मोटर थांबली. बायकोने प्लग उपटला होता.

मी बेसिनला मिठी मारून म्हणालो, "साहेब, माफ करा. दुसरं कार्यालय बघा."

"दुसरं कशाला?" हे बाई म्हणाल्या! त्यांनी कप दाखवला, बशी कोरडी होती. "मी इतक्या वर्षांत ह्यांच्याबरोबर कधी समुद्रावर गेले नाही. जायचं म्हणजे कोपऱ्यात आजारी बसायचं मेलं. आज पहिल्यांदाच आजारी दुसरंच कुणीतरी होतं, आणि मी चहा पीत होते!" त्यांनी साहेबांचा हात धरला. "अहो, आपण जाऊया."

साहेबांचे डोळे भरून आले. बुटांकडे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

"फक्त एक अट," बाई माझ्याकडे वळल्या. "पहिल्या सफरीला तुम्ही बरोबर हवे. तुम्हाला बघितलं की मला धीर येतो."

यॉटचं काम आता जोरात सुरू आहे. मी गुपचूप नकाशात मधोमध तिसरी खुर्ची काढली होती, पण बायकोने त्यावर काट मारली. म्हणाली, खुर्चीने वजन वाढतं, वेग घटतो.

त्या जागी तिने माझ्यासाठी, पुढच्या टोकाला, एक प्लॅस्टिकची बादली काढली आहे. ती हलकी असते म्हणे!