लिफ्टची नजर

आस्गरचा आलेख दुपारी पुन्हा कोसळला. कोपनहेगनच्या त्या संस्थेच्या तळघरात, भयंकर थंड केलेल्या यंत्राच्या पोटात, त्याचा इवलासा कण एकाच वेळी दोन अवस्थांत राहायला हवा होता. जरा कशाचा धक्का लागला की तो मुकाट्याने एक अवस्था निवडायचा आणि आस्गरच्या प्रबंधाची माती व्हायची. सोमवारी यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. बाहेर नोव्हेंबरचा अंधार, आत आस्गरचा.

"मी बघतो ना, म्हणूनच बिघडतं," तो विबेकेला म्हणाला. विबेके लोमहोल्ट ही त्याची मार्गदर्शक. तिथे प्रोफेसरलाही अगं-तुगंच करतात.

"तुझ्या डोळ्यांना कोण विचारतंय रे? ज्याचा धक्का लागला, तो पाहणारा. मग तो माणूस असो नाहीतर खिळा. शोध त्याला."

आस्गरने मोबाइल बाहेर ठेवला, दिवे मालवले, घड्याळसुद्धा उतरवलं. उपयोग शून्य. उलट त्याची दैना ऐकून वरच्या मजल्यांवरची मंडळी सांत्वनाला खाली येऊ लागली. दार कुणी उघडत नसे, शिस्तीची माणसं ती. बाहेरूनच हळू आवाजात "धीर सोडू नकोस हं" म्हणून परत जात. सांत्वन वाढलं तसा आलेख आणखी बिघडला.

दर शुक्रवारी कुणीतरी सगळ्यांसाठी केक आणायचा अशी तिथली रीत; या शुक्रवारी पाळी विबेकेची होती. केक घेऊन ती लिफ्टमध्ये शिरली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली.

थोड्या वेळाने आस्गरने पडद्याकडे पाहिलं. आलेख शहाण्यासारखा वागत होता. लिफ्ट बंद पडल्याची ओरड वरून ऐकू आली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो जिन्याने धावत सुटला. लिफ्टपाशी निम्मी संस्था बशा घेऊन उभी होती आणि देखभालवाला केल्ड पाने-पकडी काढत होता.

"केल्ड, हात लावू नकोस!"

"अरे, आत बाईमाणूस आहे!"

"केकही आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

आस्गरने फटीला तोंड लावलं. "विबेके, लिफ्टच बघत होती! तिचं लोखंड हललं की कणाला धक्का बसतो. आणि हे सगळे सांत्वनाला लिफ्टनेच येत होते!"

आतून आवाज आला, "आत्ता कसा आहे?"

"सुंदर."

"मग मला बाहेर काढाल तर खबरदार!"

तिचे गुडघे दुखरे, आत अंधार, बसायला नुसती फरशी. आस्गरला भरून आलं, पण तो खाली जाऊन मोजत बसला. बशावाले एकेक करून घरी गेले.

संध्याकाळी मोजमाप संपलं तेव्हा केल्डने तिला बाहेर काढलं. चेहरा उतरलेला, हनुवटीला क्रीम. तिने आलेख बराच वेळ पाहिला. आस्गर कौतुकाची वाट बघत उभा होता.

"छान. पण एकदाच आलाय. योगायोगही असेल. पुन्हा मोज."

"आता? लिफ्ट तर सुरू झाली!"

विबेकेने व्हरांड्यातली खुर्ची ओढली, लिफ्टच्या दारातच मांडली आणि बसली.

"अगं, मी कळ बंद करून ठेवतो की," केल्ड म्हणाला.

"बंद लिफ्ट दिसली की कुणीतरी तुलाच दुरुस्तीला बोलावणार. मला ओलांडून कोण जातंय बघू!" तिने शाल गुडघ्यांवर ओढली. "जा रे, आस्गर. आणि कॉफी पाठव. केक नको, पोट बिघडलंय."