आधार अपुरा

ओहायोतल्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना माहिती कशी शोधावी आणि पारखावी, याचा ग्रंथालयातला तास सक्तीचा आहे. यंदा त्याला सामाजिक न्यायाची जोड मिळाली. ग्रंथपाल मेरेडिथ हॅलग्रेन मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'या माहितीत कोणाचा आवाज नाही?' उत्तर आठवडाभरात आणायचं होतं, आधारासह.

रेनिटा बॉयकिनला फार शोधावं लागलं नाही. तिची मावशी व्हर्लीन याच ग्रंथालयात अकरा वर्षं फरशी पुसत होती. उन्हाळ्यात कॉलेजनं सफाईचं काम ठेकेदाराकडे दिलं आणि मावशीचा आरोग्य विमा गेला. वार्षिक अहवालात याला 'स्वच्छतेचं आधुनिकीकरण' म्हटलं होतं.

निबंध परत आला. शेरा : आधार अपुरा.

"मॅडम, मावशीनं स्वतः सांगितलंय."

"ते कुठे छापून आलंय का?"

"नाही. म्हणून तर आवाज नाही म्हटलं!"

"किती मार्मिक!" मॅडम गहिवरल्या. "पण छापील आधाराशिवाय मार्क कसे देऊ?"

मावशी दोन टेबलं सोडून पुसतच होती. "मला विचारा की! मधुमेहाच्या गोळ्या परवडत नाहीत, एक दिवसाआड घेतेय."

मॅडम दचकून रेनिटाकडे वळल्या. "त्यांना असं थेट विचारलं तर ते शोषण ठरेल. आधी नैतिकता समितीची मंजुरी हवी."

मंजुरीला चार महिने लागले. मग समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी मावशीची रीतसर मुलाखत घेऊन लेख छापला. नाव गुप्त ठेवलं, 'सहभागी क्रमांक तीन'. कॉलेजनं लेखाचा गाजावाजा केला, तेव्हा ठेकेदारानंही तो वाचला. ग्रंथालयात अकरा वर्षं पुसणारी बाई एकच होती. तिला काढण्यात आलं.

रेनिटानं आता लेखाचा आधार दिला. पैकीच्या पैकी मार्क पडले. तासाला राज्याचं पारितोषिक मिळालं.

लेख मावशीला उघडेना. कॉलेजच्या ओळखपत्राशिवाय तो उघडत नाही, आणि मावशीचं काढताना जमा करून घेतलं होतं. रेनिटानं छापून नेला आणि स्वयंपाकघरात वाचून दाखवला.

"अगं, हेच तर मी बोलले होते," मावशी म्हणाली. "तेव्हा काय वाईट होतं त्यात?"

"तेव्हा तू बोलत होतीस. आता तुझ्याबद्दल लिहिलंय."

"वाचलं किती जणांनी?"

"सहाशे बारा. सगळ्यांच्या काळजाला भिडलं म्हणे."

"आणि त्या बाईला गोळ्या मिळतात का, हे कोणी विचारलं?"

रेनिटानं कागदाची घडी घातली.

तुम्ही सहाशे तेरावे.