गणवीर काकांचं दुपारचं फिरणं

मे महिन्यात भर दुपारी यवतमाळात कुत्रंही सावली सोडत नाही. गणवीर काका नेमके त्याच वेळी फिरायला निघायचे. पांढरा दुपट्टा कानांवरून घट्ट बांधायचे, लू लागू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात एक कांदा टाकायचे, पायांत चपला सरकवायचे आणि मग घरातच, कूलरसमोरच्या खुर्चीत बसून मोबाइल उघडायचे.

दारव्हा रोडवरच्या त्यांच्या घरात मी मागची खोली भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं. मी भीतभीतच विचारलं, "काका, कुठं चालले?"

"इटलीत. समुद्राकाठी. चढ हाय तिथं, चपला लागतात."

काका एसटीत कंडक्टर होते. जवळजवळ सगळी नोकरी यवतमाळ-नेर-अमरावती रस्त्यावर झाली. निवृत्त झाल्यावरही ते माणसाला नावाने हाक मारत नाहीत, त्याच्या स्टॉपने मारतात. मी महागावजवळच्या बंजारा तांड्यावरचा, म्हणून मी 'महागाव'. समोरच्या वहिनींचं माहेर दारव्ह्याचं, म्हणून त्या 'दारव्हा'. घरातलं पहिलं कॉलेजात गेलेलं पोर म्हणून तांड्यावर मला जो मान आहे, तो मी काकांच्या दारात उतरलो की संपतो. तिथे मी नुसता एक स्टॉप.

मोबाइल त्यांना मुलाने पुण्याहून पाठवला होता. त्यात नकाशा होता, आणि नकाशातल्या रस्त्यावर बोट ठेवलं की तो रस्ता डोळ्यांसमोर उभा राहायचा. बाण दाबत गेलं की आपण त्यावरून चालत पुढे जातो. काकांनी एक दिवस डोळे मिटून अंगठा फिरवला. "जिथं आपली गाडी जात नाई तिथं जाऊ म्हटलं," ते सांगायचे. अंगठा थांबला तिथे ते उतरले.

ते लिगुरिया होतं. मी रोमचं नाव ऐकलं होतं, व्हेनिसचंही. हे नाव मी काकांकडूनच पहिल्यांदा ऐकलं. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी. उतारावर नुसते दगडावर दगड रचून बांध घातलेले, त्या बांधांनी अडवलेली ओंजळभर माती, आणि त्या मातीत द्राक्षाचे वेल. द्राक्षंही तिथलीच. आमच्याकडे कापसाच्या वाणांबद्दल बोलावं तसे काका त्यांच्याबद्दल बोलायचे.

"हा पिगातो. पिकला का अंगावर वांग आल्यावानी ठिपके येतात. हा रोसेसे, लाल. अन् तो वरतं वेर्मेंतिनो, त्याले खारा वारा लागते."

एवढं सगळं ते मोबाइलमधल्या व्हिडिओंवरून शिकले होते. ही द्राक्षं वाइनसाठी असतात, हे चहाच्या टपरीवर कळलं तेव्हा लोक विचारू लागले, "काका, आज किती घेतली?"

काका शांतपणे म्हणायचे, "पाचवं शील पाळतो मी. दारूले हात लावत नाई. फक्त झाड वळखतो."

झाडांपर्यंत ठीक होतं. एकदा दारव्हा वहिनींनी कढीची वाटी देता देता विचारलं, "काका, माणसं कशी हायत हो तिथली?"

"चांगली हायत. तोंडं नाईत त्याइले."

वहिनींनी वाटी मागे घेतली. "तोंडं नाईत म्हंजे?"

"पुसेल हायत. एकाले तं कमरेच्या वरतं काहीच नाई. नुसते पाय उभे. पण त्रास देत नाईत कोणाले."

वहिनींनी त्या दिवसापासून वाटी उंबऱ्याबाहेर ठेवायला सुरुवात केली. मी फोनवर याडीला, म्हणजे माझ्या आईला, हे सांगितलं, तर तिने मला उशाखाली लिंबू ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. तसा मी विज्ञान शाखेचा आहे.

मला कारण माहीत होतं. रस्त्याचे फोटो काढणारं यंत्र लोकांचे चेहरे धूसर करतं, आणि फोटो एकमेकांना जोडताना एखादा माणूस मध्येच कापला जातो. पण काकांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलं की कारणाचा उपयोग होत नसे. बाहेर रस्ता पांढरा पडलेला, कुठे माणूस नाही. आत ती गल्ली. एक कुत्रा पाऊल उचलून थांबलेला, ते पाऊल कधीच खाली टेकत नाही. दोरीवरची चादर फुगलेली, पण वारा नाही. खिडकीशी एक म्हातारी, तोंडाच्या जागी धुकं. तिथेही दुपारच होती, आणि ती उतरत नव्हती. कूलरची घरघर ऐकता ऐकता मला लाटा ऐकू यायच्या. फिरून झालं की काका दुपट्टा सोडायचे, तेव्हा त्यांच्या ओठांवर पांढरं मीठ धरलेलं असायचं. घामाचं असणार. पण कूलरसमोर बसलेल्या माणसाला एवढा घाम का यावा, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांचं फिरणं रोज एकाच वळणावर संपायचं. तिथे पिगातोचा बांध होता आणि वेलांत एक बाई वाकलेली होती. पाठमोरी. अ‍ॅप्रनची टोकं कमरेला खोचून तिने ओटी केली होती आणि ओटीत द्राक्षं होती. तिथे काका बराच वेळ थांबायचे. पुढचा बाण समोर दिसायचा, पण तो ते दाबत नसत.

एकदा मी बोट पुढे केलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "पुढं नाई. पुढं गेलो तं ते समोरून दिसंन. अन् मंग तिलेही तोंड नसंन."

जूनमध्ये एका दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. दुपट्टा अर्धा सुटलेला.

"महागाव, गावातून कोणीतरी माणसं उचलून राह्यलं."

मी जाऊन पाहिलं. खालच्या गल्लीतला कुत्रा नव्हता. चादर नव्हती. म्हातारीची खिडकी बंद होती. मी समजावलं, की फोटो काढणारी गाडी पुन्हा फिरली असेल, जुने फोटो जाऊन नवे आले.

"मंग ते गाडी वरतं येईन? बांधापोतर?"

"येईल कदाचित."

"थांबवता नाई येत?"

"नाही, काका." मग मला सुचलं. "त्या बाईचा फोटो काढून ठेवू का?"

"एक टांगेल हाय ना भितीवर."

भिंतीवर काकूंचा फोटो होता. काकूंना जाऊन काही वर्षं झाली होती. काकांना त्या फोटोखाली बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"ते मले वळखत नाई," काका म्हणाले. "स्टुडिओवाल्याकडं पाहून राह्यली ते." मग मोबाइलकडे बघत हळूहळू बोलू लागले. काकू नेर रोडवरच्या एका वावरात कापूस वेचायला जायच्या. काकांची गाडी तिथूनच जायची. "खिडकीतून दिसे. वाकेल, ओटी बांधेल. तिथं स्टॉप नव्हता. गाडी कशी थांबवतं? पॅसेंजर काय म्हणंन? घरी मी येवो तं ते झोपेल, ते उठे तं मी ड्युटीवर. तोंडापेक्षा पाठच जास्त पाह्यली म्या तिची." मोबाइलकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मी काही येडा नाई झालो. ते बाई तिथलीच हाय, समजते मले. पण इथं थांबता येते."

त्यानंतर मी लायब्ररी सोडून रोज दुपारी त्यांच्यासोबत जाऊ लागलो. गाव खालून रिकामं होत होतं. आधी चर्चसमोरचे नुसते पाय गेले. मग मधल्या चढावरचा झाडूवाला. वळण आलं की आधी माझे डोळे मिटायचे, मग काका म्हणायचे, "हाय," आणि मी उघडायचो.

एका सकाळी कॉलेजात, तास सुरू व्हायच्या आधी, मी माझ्या मोबाइलवर ते वळण उघडलं. तास मी केला नाही. घरी पोचलो तेव्हा काका दुपट्टा बांधत होते.

"काका, आज नका जाऊ. ऊन लय हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कधी गेली?"

"सकाळी पाह्यलं मी."

तरी ते खुर्चीत बसले. तळापासून एकेक बाण दाबत वर गेले, रिकाम्या गल्ल्यांतून, नेहमीच्याच चालीने. वळणावर बांध नीट रचलेला होता. वेल उंच झाले होते, पानं दाट होती. द्राक्षं तोडून झालेली असावीत. कोणीच नव्हतं. काका बराच वेळ बघत राहिले. कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि नुसता गरम वारा येत होता.

मला राहवलं नाही. "काका, जुनं चित्र परत आणता येते. वरच्या कोपऱ्यात मागचं वर्ष निवडलं का ते दिसंन. आणू का?"

मी बोट पुढे केलं. काकांनी स्क्रीनवर तळहात ठेवला.

"राहू दे, बापू," ते म्हणाले. "लय वर्षं वाकून होती ते. घरी गेली असंन. पुन्हा कायले वाकवतं तिले?"